हातोड्यावरचा मजकूर

अमेरिकेतल्या देवांच्या मारामाऱ्यांची चित्रमय पुस्तके वाचून त्यांवर या पानांत लिहिण्याचे प्रयोजन काय, असे आपल्यातले काही मित्र विचारतील. प्रश्न रास्त आहे. मीही सहा महिन्यांपूर्वी तेच विचारले असते. वर्गात एकलव्याविषयी बोलणे चालले होते. द्रोणाचार्याने अंगठा का मागितला याची चर्चा झाली आणि सुट्टीत वीटभट्टीवर जाणारा एक विद्यार्थी मोठ्या उत्साहाने उठून म्हणाला, "सर, थॉरचं तसं नाही. त्याचा हातोडा ज्याची लायकी असंल त्यालाच उचलतो येतो. जात-बीत काही नाही. लायकी पाहिजे, बस."

वर्गाने मान डोलावली. मी गप्प राहिलो, कारण 'लायकी' हा शब्द माझ्या ओळखीचा आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात राखीव जागेसाठी मी मुलाखत दिली होती. आम्ही चार उमेदवार होतो, चौघेही नेट उत्तीर्ण. आत आठ मिनिटे बसवले. त्यातली तीन मिनिटे माझे गाव कोणते आणि वडील काय करतात यात गेली. पुढे कागद आला, त्यावर एकच ओळ होती : योग्य उमेदवार आढळला नाही. जागा रिकामी राहिली. योग्य म्हणजे काय, हे त्या कागदावर लिहिलेले नव्हते.

म्हणून मी ती पुस्तके मिळवली. काही जुन्या पुस्तकांच्या दुकानातून, काही विद्यार्थ्यांकडून. मार्व्हल कंपनीने १९६० नंतरच्या आपल्या जुन्या अंकांचे संग्रह अनेक रूपांत काढले आहेत. १९८७ पासूनचे 'मास्टरवर्क्स' हे जाड पुठ्ठ्याचे रंगीत खंड आहेत. 'एसेन्शियल' या मालेचे खंड त्याच कथांचे. पण काळ्या-पांढऱ्या रंगात, हलक्या कागदावर, पाचपाचशे पानांचे. माझ्या हाती आले ते हे गरिबाचे खंड. मला त्यांत तोटा वाटला नाही. रंग गेला की रेघ दिसते.

थॉर हा उत्तर युरोपातल्या नॉर्स लोकांचा गडगडाटाचा देव. ऑगस्ट १९६२ मध्ये स्टॅन ली, लॅरी लीबर आणि जॅक कर्बी यांनी त्याला चित्रकथेत आणले. डोनाल्ड ब्लेक नावाच्या लंगड्या डॉक्टरला नॉर्वेतल्या एका गुहेत काठी सापडते, तो ती आपटतो, काठीचा हातोडा होतो आणि डॉक्टरचा देव होतो. हातोड्यावर एक मजकूर कोरलेला आहे. त्याचा आशय असा, की हा हातोडा जो धरील तो पात्र असेल तर थॉरची शक्ती त्याची होईल. पुढच्या साठ वर्षांतल्या शेकडो कथा या एका वाक्यावर उभ्या आहेत.

आता गंमत अशी, की मूळ पुराणात हे वाक्यच नाही. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लसनने तेराव्या शतकात या देवांच्या कथा लिहून ठेवल्या. तिथे हातोडा पेलायला थॉरला लोखंडी हातमोजे लागतात, पात्रता लागत नाही. एका जुन्या काव्यात तर थ्रिम नावाचा दैत्य तो हातोडा चोरून जमिनीत खोल पुरून ठेवतो. पात्रतेची अट असती तर चोराला तो हलवता तरी आला असता का? ही अट विसाव्या शतकाच्या मध्यावर, न्यूयॉर्कमधल्या एका कचेरीत देवाच्या हातोड्यावर कोरली गेली. पुराण जुने असते, त्यातली अट मात्र पुष्कळदा नवी असते. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त एकेका अवताराला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे केले ते हेच दाखवण्यासाठी. आणि तो ग्रंथ त्यांनी अर्पण केला होता गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. तेव्हा अमेरिकेतल्या देवांना आपण दोन प्रश्न विचारले तर ते परक्याच्या घरात डोकावणे ठरू नये.

मूळ कथेत आणखी एक गोष्ट आहे. हातोडा घडवतात ते खुजे कारागीर, जमिनीखाली राहणारे लोहार. लोकी हा कपटी देव त्यांच्याशी आपल्या डोक्याची पैज लावतो. भाता चालवणाऱ्याला माशी होऊन चावतो, म्हणून हातोड्याचा दांडा आखूड राहतो. तरीही लोहार पैज जिंकतात. तेव्हा लोकी म्हणतो, डोके तुमचे, पण मानेची बोली झालेली नव्हती. मान न कापता डोके न्या. कारागीर चिडून त्याचे ओठ शिवून टाकतो. बोलीतला शब्द पकडून कष्टकऱ्याला बुडवण्याची ही युक्ती आपल्या बलुतेदारांना कोणी समजावून सांगायला नको.

संग्रहांत सर्वांत वाचनीय भाग आहे तो दोन देवकुळांच्या भेटीचा. १९६५ च्या वार्षिक अंकात थॉर ग्रीकांच्या ऑलिंपसमध्ये जाऊन पोचतो आणि एका अरुंद पुलावर त्याची गाठ हर्क्युलीसशी पडते. आधी कोणी जायचे? दोघेही देवपुत्र, दोघेही वाट सोडायला तयार नाहीत, म्हणून लढाई जुंपते. कर्बीने ती अशी काढली आहे की दगड पानाबाहेर उडतील. मी ती दोनदा पाहिली, आनंदाने पाहिली. नंतर मनात आले, की वाट सोडणे हा ज्यांच्या पिढ्यान्पिढ्यांचा धर्म ठरवला गेला त्यांना ही लढाई वेगळी दिसणार. देवपुत्रांच्या मानापमानाला महाकाव्य म्हणतात. त्याच कारणावरून आमच्या माणसाने मान वर केली तर त्याला माज म्हणतात. शेवटी झ्यूस येऊन लढाई थांबवतो. कोणी हरत नाही. सरदारांची भांडणे अशीच मिटतात.

पण खरी कथा १९६६ ची आहे, 'थॉर'च्या १२६ ते १३० या अंकांतली. हर्क्युलीस पृथ्वीवर येतो, लोक डोक्यावर घेतात आणि हॉलिवूडचा एक निर्माता त्याला चित्रपटाचा करार देतो. कीर्तीने फुगलेला हर्क्युलीस करार न वाचता सही करतो. निर्माता असतो प्लुटो, पाताळाचा राजा. आणि कागदात लिहिलेले असते, की यापुढे सही करणाऱ्याने प्लुटोच्या जागी पाताळावर राज्य करावे, कायमचे. प्रकरण झ्यूसपुढे जाते. मुलाची फसवणूक झाली हे बापाला दिसते. तरी तो म्हणतो, करार तो करार. त्याच्यासाठी कोणी लढायला उभा राहिला तरच सुटका. ऑलिंपसचा एकही देव पुढे होत नाही. पुढे होतो तो परका, थॉर. तो पाताळात शिरून इतका विध्वंस करतो की आपले राज्यच उरणार नाही या भीतीने प्लुटो स्वतः करार फाडतो.

माझ्या आजोबांनी एका कागदावर अंगठा दिला होता. त्या कागदात काय आहे ते घरात पहिल्यांदा मी वाचले, सातवीत असताना, कंदिलाशी. तोवर जमीन जाऊन तेवीस वर्षे झाली होती. म्हणून हर्क्युलीसचा मूर्खपणा दाखवणारे ते पान मला हसवू शकले नाही. लेखकांनी ते हसण्यासाठी लिहिले आहे, हे मला कळते. बलदंड पण भोळा देव आणि न वाचलेला कागद हा त्यांच्या दृष्टीने विनोद आहे. आमच्याकडे तो महसुली दप्तरात आहे. तरीही या कथेत एक सत्य आले आहे, ते लेखकांना दिसले असो वा नसो : अन्याय्य करार न्यायाधीशाने फाडला नाही. ज्याने तो लिहिला त्यालाच, आपले सगळे जाते असे दिसल्यावर, तो फाडावा लागला.

पात्रतेच्या प्रश्नाकडे परत येतो. १९८३ मध्ये वॉल्टर सायमन्सनने ही मालिका हाती घेतली. ३३७ व्या अंकात घोड्याच्या तोंडाचा, भयंकर दिसणारा एक परग्रहवासी येतो, बीटा रे बिल. उद्ध्वस्त झालेल्या आपल्या लोकांचा निर्वासित तांडा राखत तो अंतराळातून चालला आहे. थॉरची काठी त्याच्या हाती पडते, तो ती आपटतो आणि शक्ती त्याची होते. म्हणजे तो पात्र आहे, हे हातोड्याने सांगितले. खरे तर प्रश्न तिथेच मिटायला हवा. पण ओडिन, थॉरचा बाप, दोघांची झुंज लावतो. बिल तीही जिंकतो, वर मरणाच्या दारातून थॉरला वाचवतो. मग ओडिन काय करतो? खुज्या लोहारांना सांगून बिलसाठी दुसरा हातोडा घडवून घेतो. पहिला पुन्हा मुलाच्या हातात.

सायमन्सनचा हेतू उदार आहे, यात शंका नाही. कुरूप दिसणाऱ्याला नायक करण्याचे धैर्य त्याने दाखवले, बिलही दुसऱ्याचे हिसकावून घेणारा नाही, आणि वाचक त्या जागी सुखावतो. मीही सुखावलो. पण दोनदा परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला तुझा हातोडा वेगळा, असे सांगितले जाते तेव्हा मला गावातली वेगळी विहीर आठवते. पाणी तिचेही गोडच असते.

२००३-०४ मध्ये मार्व्हल आणि डीसी या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून चार भागांची मोठी कथा काढली. कर्ट ब्युसिकने लिहिलेली, जॉर्ज पेरेझने काढलेली. शेवटच्या संकटात सुपरमॅन थॉरचा हातोडा घेऊन लढतो. संकट टळल्यावर तोच हातोडा त्याला तसूभरही हलत नाही. खुलासा असा, की निकडीच्या वेळी ओडिनने अट सैल केली होती. लढाईपुरता पात्र, लढाईनंतर अपात्र! महार पलटणींचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हे पान एकदा पाहावेच. १८९० च्या दशकात भरती बंद, पहिल्या महायुद्धात पुन्हा चालू, युद्ध संपल्यावर पुन्हा बंद. अट तीच, ती सैल करणारा आणि आवळणारा हात तोच.

आपल्याकडची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो : १९८० च्या ३०१ व्या अंकात मेलेल्या देवांना उठवण्यासाठी थॉर देवलोक हिंडत जीवनशक्ती मागतो, आणि त्यात त्याची शिवाशीही लढाई होते. तो भाग सामान्य आहे. शिवाच्या जागी कोणीही चालला असता. आपल्या मुलांच्या मनावर देवांची चित्रे ठसवली ती त्या पुस्तकांनी नव्हे, १९६७ पासून निघालेल्या अमर चित्रकथेने. तिच्यात देव उजळ, असुर काळे. तिने १९७९ मध्ये बाबासाहेबांवरही अंक काढला. त्याचा हिशेब स्वतंत्र लेखाचा आहे.

आता या पुस्तकांच्या बाहेरची, पण माझ्या मते त्यांतली सर्वांत मोठी गोष्ट. हा हातोडा काढला कोणी? जॅक कर्बी, मूळ नाव जेकब कर्ट्झबर्ग, जन्म १९१७, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतला. आईबाप युरोपातून आलेले ज्यू स्थलांतरित, बाप कपड्यांच्या कारखान्यात कामगार. जुलै १९६६ मध्ये, हर्क्युलीसची कथा संपता संपता, त्यानेच स्टॅन लीबरोबर 'ब्लॅक पँथर' हा काळा नायक काढला. ओकलंडचा पक्ष त्याच वर्षी ऑक्टोबरात स्थापन झाला आणि आपले पँथर १९७२ मध्ये. नायकाचा आणि पक्षाचा संबंध जोडण्याचे कारण नाही, पण तो हात ओळखून असावे. या चित्रकारांच्या मानधनाच्या धनादेशाच्या पाठीवर हक्क सोडल्याचा मजकूर छापलेला असे. सही केल्याशिवाय पैसे मिळत नसत. १९८४ च्या सुमारास कंपनी चित्रकारांना त्यांची मूळ पाने परत करू लागली, तेव्हा इतरांना एक पानाचा कागद आणि कर्बीला चार पानांचा. त्याने तो वाचला आणि नकार दिला. हर्क्युलीसच्या चित्रकाराला वाचता येत होते. मोठा गाजावाजा झाल्यावर १९८७ मध्ये त्याच्या हजारो पानांपैकी थोडी परत मिळाली. १९९४ मध्ये तो वारला. वारसांचा दावा सर्वोच्च न्यायालयाच्या दारात असताना, सप्टेंबर २०१४ मध्ये कंपनीने तडजोड केली.

आणि पेरेझ? त्याने काढलेली ती चार भागांची कथा वर्षानुवर्षे बाजारात नव्हती. दोन कंपन्यांची एकत्र संमती लागे. तो मरणपंथाला लागला तेव्हा २०२२ मध्ये तिच्या सात हजार प्रती निघाल्या, गरजू चित्रकथाकारांच्या मदतनिधीसाठी. लोहार घडवतो, आणि म्हातारपणी त्याच्यासाठी वर्गणी काढतात.

एक लहान गोष्ट राहिली. कर्बीच्या पेन्सिलीवर शाई चढवायला विन्स कोलेट्टा होता. वेळ वाचवण्यासाठी तो मागची माणसे खोडून टाकी किंवा त्यांच्या नुसत्या सावल्या करी, असा जाणकारांचा त्याच्यावर जुना आक्षेप आहे. काळ्या-पांढऱ्या खंडात हे लवकर नजरेत भरते. देव ठसठशीत, मागच्या रस्त्यावर, जिथे शहराची माणसे असायला हवीत, तिथे कोरा कागद.

विद्यार्थ्याला मी हे सगळे सांगितले नाही. खंड त्याच्या हातात दिला आणि १२९ व्या अंकापाशी कागद घालून ठेवला. आठवड्याने त्याने तो परत आणला तेव्हा माझा कागद निघून दुसरीकडे गेला होता, थेट पहिल्या कथेत, जिथे हातोड्यावरचा मजकूर मोठा करून दाखवला आहे. समासात त्याने पेन्सिलीने लिहिले होते, "हे कोणी कोरलं?" ग्रंथालयाचे पुस्तक असते तर मी त्याला दंड भरायला लावला असता. पुस्तक माझे आहे, तेव्हा ते तसेच राहू दिले आहे.