शाकाहाराची रेघ आणि धर्मव्याधाचं दुकान

शाकाहारावर वाद सुरू झाला की एक वाक्य हमखास येतं, ‘वनस्पतींनाही जीव असतोच की!’ बोलणारा मग जगदीशचंद्र बोसांचं नाव घेतो. वनस्पती बाहेरच्या उद्दीपनाला विद्युत प्रतिसाद देतात, हे बोसांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यंत्रांवर दाखवलं, हे खरंच आहे. पण हा युक्तिवाद त्यांच्या कितीतरी आधी महाभारतात येऊन गेलाय, आणि तोही एका मांसविक्रेत्याच्या तोंडी. वनपर्वातला कौशिक आणि धर्मव्याधाचा तो संवाद आज जरा बारकाईने पाहू.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. झाडाखाली बसलेल्या कौशिक ब्राह्मणाच्या अंगावर बगळी विष्ठा टाकते. तो रागाने वर पाहतो आणि ती मरून पडते. पुढे एक गृहिणी त्याला त्याच्या रागाची जाणीव करून देते आणि धर्म शिकायला मिथिलेला पाठवते. तिथे गुरू भेटतो तो मांसाच्या दुकानात. आता रचना बघा. वेद शिकलेल्या तपस्व्याच्या नुसत्या नजरेने एक जीव गेलाय, आणि दुकानदार सांगतो की मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्याचं मांस विकतो आणि ते खातही नाही. कोण हिंसक, कोण अहिंसक, हे ताटावरून ठरवायची सोयच कथेने ठेवलेली नाही.

मग व्याध म्हणतो, नांगर चालतो तेव्हा जमिनीतले किती जीव मरतात! धान्याचे दाणे हेसुद्धा जीवच. माणूस चालतो तेव्हा पायाखाली जीव मरतात. मग अहिंसक राहिलं कोण? इथपर्यंत ऐकून टाळ्या वाजवणारे पुष्कळ असतात. पण व्याध इथे थांबत नाही. अहिंसेचं व्रत घेतलेल्या यतींच्या हातूनही हिंसा होतेच, पण प्रयत्न केला तर ती कमी होते, असं तो पुढे म्हणतो. संस्कृतात शब्द आहे ‘अल्पतर’. माझ्या मते सगळ्या संवादाचा भार या एका शब्दावर आहे. शून्य हिंसा शक्य नाही, म्हणून कितीही चालेल, असं तो म्हणत नाही.

जैन परंपरेने हे ‘कमी’ मोजायची पद्धतच बसवली. वनस्पतींना एकच इंद्रिय, स्पर्श. कृमीला दोन, मुंगीला तीन, भुंग्याला चार, माणसाला पाच. गृहस्थाने दोन वा अधिक इंद्रियांच्या जीवांची जाणूनबुजून हिंसा टाळायची, एकेंद्रियांच्या बाबतीत मर्यादा पाळायची. कंदात अनंत जीव मानले, म्हणून बटाटा वर्ज्य. म्हणजे वनस्पतींना जीव आहे हे शाकाहाऱ्याला कुणी नव्याने सांगायला नको. ते धरूनच त्याची पायरी ठरली आहे. शिवाय आजचं जीवशास्त्र सांगतं की वनस्पतीला मेंदू नाही, मज्जासंस्था नाही. प्रतिसाद म्हणजे वेदना नव्हे. आणि झाडांची काळजी खरीच असेल, तर बकरी काय खाऊन वाढते तेही मोजा की!

पण शाकाहाऱ्यालाही सुटका नाही, बरं का. पाकिटावरचा हिरवा ठिपका घ्या. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत प्राणिजन्य पदार्थ मांसाहारी धरलेत, पण दूध, मध, मधमाशीचं मेण आणि शेलॅक वगळून. शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्याच्या स्रावापासून केलेला पदार्थ. गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणायला वापरतात. अंडं मात्र मांसाहारी. ही रेघ निसर्गाने आखलेली नाही, ती रिवाजाने ठरलेली आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण तिला पावित्र्याची रेघ म्हणू नये.

कारण तसं म्हटलं की ती रेघ माणसांमध्ये येते. मुंबईत मासे-मटण खाणाऱ्यांना घर नाकारलं जातं, हे आपण सगळेच ऐकतो, काहींनी सोसलंही आहे. व्याधाच्या बोलण्यातला कच्चा दुवाही नेमका इथेच आहे. आपला धंदा पूर्वकर्माने आणि कुळाने आला, असं तो सांगतो. ज्याने हिंसेचं इतकं बारीक मोजमाप केलं, त्याने जन्माने ठरलेलं काम मात्र तपासलं नाही. ही उणीव आख्यानाची आहे आणि ती झाकून वाचू नये.

तरीही एक गोष्ट त्या कथेत घडते, ती आपल्या सोसायट्यांत घडत नाही. कौशिक त्या दुकानापाशी जातो, व्याध त्याला आपल्या घरी नेतो आणि कौशिक तिथे बसून ऐकतो. स्वतःच्या ताटातली हिंसा कमी करायची असेल तर जरूर करावी. मी त्याच बाजूचा आहे. पण त्या हिशोबाची वही आपल्यापुरती असते, शेजाऱ्याच्या दारावर टांगायची नसते.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.