अज्ञातवासाचें शास्त्र

रॉजर डिंगलडाईन, निक मॅथ्यूसन व पॉल सिव्हर्सन या त्रयीनें २००४ सालीं 'टॉर' नामक जाळ्याची रचना सांगणारा एक इंग्रजी निबंध प्रसिद्ध केला. विषय यंत्रशास्त्राचा खरा. परंतु त्यांतील एक प्रश्न प्रत्येक सुज्ञ वाचकाच्या जिव्हाळ्याचा आहे. लिहिणारा व वाचणारा यांची भेट, एकमेकांचा ठावठिकाणा न कळतां, घडवून आणतां येईल काय?

ग्रंथकारांचें उत्तर मार्मिक आहे. गुप्त संकेतस्थळ जाळ्यांतील कांहीं यंत्रांस आपले निरोपे नेमतें. वाचक भेटीसाठीं एक त्रयस्थ यंत्र निवडतो व तें ठिकाण निरोप्याकरवीं कळवितो. मग दोन्ही पक्ष अनेक यंत्रांच्या आडवाटेनें तेथें येतात. प्रत्येक यंत्रास मागचा व पुढचा टप्पा तेवढा ठाऊक. सबंध वाट कोणासच ठाऊक नाहीं. स्थळाचें नांव त्याच्याच जाहीर किल्लीपासून बनतें (आज तें ५६ अक्षरांचें असतें), म्हणून दुसऱ्या कोणास तें बळकावितां येत नाहीं.

निबंधाचा आम्हांस विशेष भावलेला गुण म्हणजे त्याचा प्रामाणिकपणा. वाटेचीं दोन्ही टोकें ज्याच्या नजरेखालीं आहेत, तो वेळेच्या मेळावरून जोडी जुळवूं शकेल, हें ग्रंथकार स्वतःच कबूल करतात. शिवाय यंत्राचा पडदा मनुष्याच्या गाफिलपणास झांकीत नाहीं. अमली पदार्थांचा 'सिल्क रोड' हा गुप्त बाजार २०१३ सालीं अमेरिकन सरकारनें बंद केला. चालकाचा माग लागण्यास, त्यानें पूर्वीं अन्यत्र स्वतःच्या नांवाचा ई-टपालपत्ता देऊन केलेलें लिखाण कारण झालें.

येथें कोणी विचारील कीं, सज्जनास लपण्याचें प्रयोजन काय? आपण घरचीं पत्रें लखोट्यांत घालतों, तीं कांहीं गुन्हा लपविण्यासाठीं नव्हे. मात्र लखोटा मजकूर झांकतो. कोणीं कोणास लिहिलें हें टपालवाल्यास दिसतेंच. जेथें एखादें वृत्त वाचणें हाच अपराध ठरतो, तेथें हें दिसणेंही घातक होतें. म्हणूनच बी. बी. सी.नें २०१९ सालीं आपलीं वृत्तें याच मार्गानें खुलीं केलीं.

पडदा चोर व साव निवडीत नाहीं, हें या रचनेचें न्यून आम्हांस मान्य आहे. परंतु निवड करणारा पहारेकरी नेमला, कीं त्यास सर्वांचीं नांवें कळणार. आणि ज्यांस त्याच पहारेकऱ्याचें भय आहे, त्यांचा आसरा तत्क्षणींच नाहींसा होणार. हें जाणून आम्ही या रचनेचें स्वागत करतों.