राणीच्या पोटावरच्या घड्या

हैदराबादच्या बेगम बाजारात समया, हंडे, परातींपासून सुक्यामेव्यापर्यंत सगळं घाऊक भावात मिळतं. दुसरा आसफजाह निजाम अली खान याची पत्नी हुमदा बेगम हिने ही जमीन व्यापाऱ्यांना दिली, असं सांगतात. नावात उरली ती नुसती ‘बेगम’. श्रावणात शुक्रवारी ऐकायच्या जिवतीच्या कहाणीतली राणीही अशीच बिननावाची. राणीपदाचं मोल आणि त्याची किंमत हा विषय त्या कहाणीइतका निर्दयपणे मराठीत फारसा कुणी हाताळलेला नाही.

कहाणीला राजवाड्याचं कौतुक नाही. सिंहासन, दागिने, दासींचा ताफा, यांवर ती एक शब्दही खर्च करत नाही. राणीच्या वस्त्राचा उल्लेख येतो तो एकदाच. मूल होत नाही म्हणून ती सुइणीशी संगनमत करते आणि दिवस गेल्याचं भासवायला पोटावर लुगड्याच्या घड्या बांधते. ज्या रेशमासाठी ऐकणाऱ्या पोरीबाळींना राणी व्हावंसं वाटतं, त्याच रेशमाने तिला सोंग वठवावं लागतं. घडीवर घडी महिन्यागणिक चढत जाते. पहिल्यापासून शेवटपर्यंत या कथेत माझ्या लेखी याहून भेदक तपशील नाही.

मग राणी राजवाड्यापासून गरीब ब्राह्मणीच्या घरापर्यंत गुप्त भुयार खणवते. परीकथांत गरिबाघरची मुलगी राजवाड्यात चढून जाते. इथे राजवाडाच जमिनीखालून गरिबाच्या दारी येतो, तोही चोरी करायला. सुईण पहिलटकरणीचे डोळे बांधते, मूल भुयारातून पळवते आणि आईपुढे वरवंटा ठेवते.

राणी दुष्ट आहे का? कहाणी तसं म्हणत नाही. वारस दिला नाही तर आपलं काय होईल, हे ती जाणून आहे, एवढंच.

हैदराबादच्या वाचकाला इथे निलोफर आठवल्याशिवाय राहत नाही. 12 नोव्हेंबर 1931 रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात निजाम मीर उस्मान अली खान यांच्या दोन मुलांची लग्नं झाली. थोरल्या आझम जाहला शेवटचे खलिफा अब्दुलमजीद यांची कन्या दुर्रुशेहवार दिली, धाकट्या मुअज्जम जाहला त्याच ऑटोमन घराण्यातली निलोफर. राज्य गमावलेल्या घराण्याच्या मुली, आणि सासरा जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जाणारा. निलोफर तेव्हा 15 वर्षांची होती. तिच्या रूपाची आणि साड्यांची चर्चा युरोपात झाली. दुर्रुशेहवारला दोन मुलगे झाले, निलोफरला मूल झालं नाही. 1948 मध्ये मुअज्जम जाहने दुसरं लग्न केलं, 1952 मध्ये निलोफरचा काडीमोड झाला. त्यानंतर ती पॅरिसची झाली. 1989 मध्ये तिथेच गेली.

कहाणीतल्या राणीने भुयार खणलं ते याच भीतीने. निलोफरने वेगळं केलं. तिची एक दासी बाळंतपणात दगावली, तेव्हा तिने बायका-मुलांसाठी इस्पितळ उभं करण्याचा ध्यास घेतला. बेगम बाजारापासून फार दूर नसलेल्या त्या इस्पितळाला आजही तिचंच नाव आहे. पोटचं मूल नसलेल्या राजकन्येचं नाव घेत आया तान्ही लेकरं घेऊन रिक्षात बसतात. जिवतीच्या तसबिरीत जरा आणि जिवंतिका या देवी मुलांनी वेढलेल्या असतात, तिच्याशी हे चित्र मला फार जवळचं वाटतं.

पण कहाणीकडे परत. तिचा खरा जीव ब्राह्मणीत आहे. आपल्याला वरवंटा झाला यावर तिचा विश्वास बसत नाही. ती हिरवं नेसत नाही, हिरव्या बांगड्या घालत नाही, कारलीच्या मांडवाखालून जात नाही, तांदळाचं धुवण ओलांडत नाही. दर शुक्रवारी मूल जिथे असेल तिथे खुशाल असो म्हणत चार दिशांना अक्षता टाकते आणि त्या नेमक्या राजपुत्राच्या डोक्यावर पडतात. बारीकसारीक नेमांतून कहाणी तिला माणूस म्हणून उभं करते. राजा झालेला मुलगा गावजेवण घालतो तेव्हा त्याला हे सगळे नेम सांभाळूनच तिला बोलवावं लागतं. ती पानावर बसलेली असताना तिला पान्हा फुटतो आणि धार थेट त्याच्या तोंडात उडते. न्यायाची पहिली साक्ष दूधच देतं.

इथे मात्र कहाणीकारावर माझा आक्षेप आहे. राजा आईबापांना वाडा बांधून देतो, साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होते, पण राणीचं काय झालं? तिला शिक्षा नाही, क्षमा नाही, तिच्या शेवटाबद्दल साधं एक वाक्यही नाही. वारस हाती आला आणि कथेला ती नकोशी झाली. काही जण याला मौखिक कथेचा विसराळूपणा म्हणतील. मला त्यात निष्ठुर अचूकपणा दिसतो, कारण राजघराणीही असंच वागत. तरीही त्या बाईने मुलाला वाढवलं, पंगतीत ती कुठेतरी हजर असणारच. येत्या श्रावणात घरच्या मुलींना ही कहाणी सांगाल, तेव्हा राणीसाठी एखादं वाक्य तुमच्या पदरचं घालाच. कहाण्या अशाच वाढत आल्या आहेत.