काहालचा बाण

सान्तियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश संशोधकाने काढलेली मेंदूची चित्रे आता कलादालनांत मांडली जातात. २०१७ साली अमेरिकेत मिनियापोलिसला अशी सुमारे ८० चित्रे लागली होती. ती देखणी आहेतच. लहानपणी त्याला चित्रकारच व्हायचे होते. पण ‘किती सुंदर!’ म्हणून पुढे सरकले, तर चित्र वाचायचे राहूनच जाते.

कबुतराच्या लहान मेंदूचे १८९९ चे चित्र पाहा. दोन मोठ्या चेतापेशी, जणू पाने झडलेली झाडे. प्रत्यक्षात तिथे पेशींची दाटी असते. गोल्जीच्या रंजनपद्धतीत त्यांतल्या मोजक्याच काळ्या होतात, म्हणून सुट्या दिसतात. काहाल असे अनेक छेद पाहून एक चित्र रचत असे.

त्याच्या कित्येक आकृत्यांत छोटे बाण आहेत: संदेश वृक्षिकांकडून अक्षतंतूकडे जातो, हे सांगणारे. हा बाण कोणत्याही सूक्ष्मदर्शकात दिसत नाही! तो तर्क आहे. दोन पेशींमधली फटही तर्कच. ती दिसली १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. त्याच पद्धतीचे छेद पाहून गोल्जीला मात्र अखंड जाळे दिसले. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले, आणि तिथल्या भाषणातही गोल्जीने काहालचा सिद्धांत खोडून काढण्याचाच प्रयत्न केला.

आपल्याकडे आकृती पुस्तकाबरहुकूम असली की पूर्ण गुण. कांद्याच्या पापुद्र्यातल्या वेड्यावाकड्या पेशी वहीत विटांसारख्या उतरतात. एखाद्या मुलीने दिसले तसे काढले, वर स्वतःचा एक बाणही काढला, तर लाल पेन उचलण्याआधी विचारावे, ‘हा कशावरून काढलास?’