खोडी आणि आदब : फरहतुल्ला बेग यांचे गुरुचित्र

उर्दू व्यक्तिचित्रांत मिर्झा फरहतुल्ला बेग यांच्या 'नजीर अहमद की कहानी, कुछ मेरी और कुछ उनकी जबानी' (१९२७) या लेखाचे स्थान मोठे आहे. डेप्युटी नजीर अहमद हे दिल्लीतील कडक आणि फटकळ गुरू. बेग आणि त्यांचे मित्र 'दानी' (पुढे हैदराबादचे पुरातत्त्वज्ञ गुलाम यझदानी) त्यांच्या घरी अरबी शिकत. शिकताना ही जोडी गुरूंची फिरकी घेते, उलट उत्तरे देते. गुरूंचा कंजूषपणाही लेखातून सुटत नाही.

पुष्कळ वाचक येथे हसून थांबतात. परंतु एवढ्या धाकाच्या गुरूपुढे ही खोडी चालते कशी? उत्तर शीर्षकातच आहे. 'उनकी जबानी' म्हणजे गुरूंनी स्वतः सांगितलेले विद्यार्थीपण : मशिदीत राहून घरोघर रोटी गोळा करणे, एका घरी मसाला वाटताना लहान मुलीचा बोटांवर मार खाणे. तीच मुलगी पुढे त्यांची पत्नी झाली. स्वतःची फजिती सांगणाऱ्या गुरूची थट्टा केली, तरी तो अवमान ठरत नाही.

पु. ल. देशपांडे यांचे चितळे मास्तर ('व्यक्ती आणि वल्ली', १९६२) मुळातच थट्टेखोर. तेथे हा ताण नाही. बेग यांच्या लेखात धाक शेवटपर्यंत टिकतो, हे त्यांचे यश.

हा लेख वर्गात शिकवताना आदबीपोटी थट्टेचे भाग गाळले, तर केवळ मृत्युलेख उरेल. १९१२ साली निवर्तलेले मौलवीसाहेब पंधरा वर्षांनी जिवंत उभे राहिले, ते शिष्यांच्या खोड्यांमुळेच.