तालपुटाचा प्रश्न आणि नव्या पिढीचे संगीतनाट्य

बुद्धपौर्णिमा, आंबेडकर जयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन या निमित्तांनी विहारांच्या प्रांगणात तरुण-तरुणींची संगीतनाट्ये सादर होतात. त्यांविषयी आपल्यात दोन टोकाची मते आढळतात. काही ज्येष्ठ उपासक अष्टशीलातील सातव्या शीलाचा आधार घेऊन विहारात नृत्यगीत नकोच म्हणतात. याउलट उत्साही कार्यकर्ते मुले व्यासपीठावर आली एवढ्यावरच संतुष्ट असतात. ही दोन्ही मते पाली साहित्याच्या कसोटीवर तपासून पाहणे आवश्यक आहे.

नृत्य, गीत, वादन आणि खेळतमाशे यांपासून विरत राहण्याचे शील उपासक उपोसथाच्या दिवशी स्वेच्छेने ग्रहण करतो. नित्याच्या पंचशीलात ते नाही. पौर्णिमा हा उपोसथाचा दिवस असल्याने त्या दिवशी अष्टशील पाळणाऱ्यांचा मान राखून प्रयोग अन्य दिवशी ठेवणे उचित होय. अंगुत्तर निकायात लांबलचक गीतस्वरात धम्म म्हणण्याचे पाच दोष सांगितले आहेत, परंतु तो उपदेश भिक्खूंना उद्देशून आहे. दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात तर पञ्चसिख गंधर्वाच्या वीणेचा आणि कंठाचा मेळ जुळल्याची प्रशंसा स्वतः तथागतांनी केली आहे. तेव्हा संगीतावर सरसकट बंदी होती असे म्हणता येत नाही.

खरी कसोटी संयुत्त निकायातील तालपुट सुत्तात सापडते. तालपुट हा नाटकमंडळीचा प्रमुख होता. रंगमंचावर लोकांना हसविणारा नट मरणोत्तर आनंदी देवांच्या सहवासात जातो, असे त्याच्या पूर्वाचार्यांनी त्याला सांगितले होते. हे खरे काय, असे त्याने भगवंतांना विचारले. दोनदा त्यांनी उत्तर टाळले. तिसऱ्यांदा ते म्हणाले की, लोक आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात. स्वतः प्रमत्त असलेला नट त्यांचे हे बंध अधिकच आवळतो आणि त्यामुळे दुर्गतीला जातो. हे ऐकून तालपुट रडला. भगवंतांच्या शब्दांमुळे नव्हे, तर पूर्वाचार्यांनी आपल्याला दीर्घकाळ फसविले म्हणून रडलो, असा खुलासा त्याने केला. पुढे तो प्रव्रजित होऊन अर्हत झाला. थेरगाथेत त्याच्या 55 गाथा आहेत आणि त्यांत तो स्वतःच्याच चित्ताशी संवाद करतो. परक्यांचे शब्द सादर करणारा नट येथे स्वतःच्या शब्दांचा कर्ता झाला आहे.

या सुत्ताच्या उजेडात आपली आजची संगीतनाट्ये पाहू. बहुधा संहिता कुणा ज्येष्ठाची असते, चाल लोकप्रिय चित्रपटगीताची आणि आवाज ध्वनिमुद्रित. तरुणांच्या वाट्याला हातवारे आणि पोशाख तेवढे येतात. सिद्धार्थाचे गृहत्यागही दरवर्षी त्याच क्रमाने घडते. रोहिणी नदीच्या पाण्याच्या वादाला बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दिलेले महत्त्व कित्येकदा रंगमंचावर पोहोचतच नाही. पूर्वाचार्यांचे ऐकून चालणारा तालपुट तो हाच. फरक इतकाच की, तालपुटाने निदान प्रश्न विचारला होता.

आपल्याच परंपरेत याहून सकस उदाहरण आहे. काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या काळात, 1930 च्या सुमारास, नाशिक परिसरात भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी जलसे करू लागले. 1904 साली जन्मलेले कर्डक तेव्हा पंचविशीत होते. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, पण आशय बदलला. अस्पृश्यता, अंधश्रद्धा, व्यसन आणि शिक्षण हे विषय गाण्यांत व बतावणीत आले. बतावणीतील सवालजवाब प्रेक्षकांच्या बोलीत होत असल्याने निरक्षर श्रोत्यालाही युक्तिवाद उमगत असे. बाबासाहेबांनी कर्डकांच्या जलशाचे मोल आपल्या सभांहून अधिक मानले, असे परंपरेने सांगितले जाते आणि आपण ते अभिमानाने सांगतो. परंतु ते जलसे तरुणांनी स्वतः रचले होते, हे मात्र विसरतो. अर्थात जलशाचीही आंधळी नक्कल नको. त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करीत. आज मुलींनी केवळ यशोधरेची भूमिका करून भागणार नाही, तिचे संवादही त्यांनीच लिहिले पाहिजेत.

यासाठी विहारांना मोठा खर्च करावा लागणार नाही. प्रारंभी तरुणांना एखादे सुत्त वा बाबासाहेबांचे एखादे प्रकरण वाचू द्यावे, त्यावर शंका काढू द्याव्यात. मग त्यांनीच आपल्या वस्तीच्या भाषेत गीते रचावीत, ढोलकी-हार्मोनियमवर प्रत्यक्ष गावीत आणि प्रयोगानंतर श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. सूर क्वचित चुकेल, यमक अडखळेल, ते सोसावे. ज्येष्ठांनी पाठभेद आणि तथ्ये तपासून द्यावीत, लेखणी मात्र तरुणांच्याच हाती राहू द्यावी.

प्रयोगाचे यश टाळ्यांवर मोजू नये. गाणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा राग, द्वेष, मोह वाढला की घटला, हाच निकष धरावा. जी पिढी केवळ दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवायला शिकते, तिच्याकडून उद्या धम्माच्या निर्भय चिकित्सेची अपेक्षा कोणत्या आधारावर करायची?