हवेला सांभाळून घेणारा किरण

मे महिन्यातल्या दुपारी विष्णुपुरीच्या जलाशयाकाठी उभं राहिलं, की गोदावरीपलीकडची झाडं थरथरताना दिसतात. झाडं जागेवरच असतात, थरथरते ती मधली तापलेली हवा. इथून जवळच, औंढा नागनाथला, लायगो-इंडिया वेधशाळेच्या चार-चार किलोमीटरच्या नळ्यांमधून लेसर धावणार आहे, पण त्यासाठी आतली हवा आधी उपसून काढावी लागेल. उघड्यावर लेसरने माहिती पाठवणाऱ्याला ती मुभा नाही. त्याचं सगळं कसब या हवेशी जुळवून घेण्यात आहे.

उघड्या हवेतून उजेडावर आवाज पाठवण्याचा पहिला नमुना १८८० सालचा, लेसरच्याही ८० वर्षं आधीचा. ग्रॅहम बेलने सूर्यकिरण एका पातळ, लवचिक आरशावर घेतले आणि आरशाच्या पाठीमागून बोलायची सोय केली. आवाजाच्या लाटेने आरसा किंचित फुगे, किंचित आत जाई, तसा परावर्तित झोत पसरे, आवळे. समोरच्या टोकाला सेलेनियम होतं. उजेड कमीजास्त झाला की त्याचा विद्युतरोध बदले आणि टेलिफोन बोलू लागे. वॉशिंग्टनमधल्या एका शाळेच्या छपरावरून, २१३ मीटरवरून, सहकारी टेंटरने सांगितलं, ऐकू येत असेल तर खिडकीत येऊन टोपी हलवा. बेलने हलवली. पाठवणाऱ्या टोकाला तार नाही, बॅटरी नाही, फक्त ऊन आणि माणसाचा श्वास. इतकी निर्मळ रचना क्वचितच पाहायला मिळते.

आता आजच्या काळातलं उदाहरण, काँगो नदीवरचं. ब्राझाव्हिल आणि किन्शासा ही शहरं समोरासमोर, मध्ये जेमतेम ४.८ किलोमीटर, पण फायबर न्यायची तर ४०० किलोमीटरहून मोठा वळसा. २०२१ मध्ये लेसरने माहिती पाठवणाऱ्या ‘तारा’ नावाच्या प्रकल्पाने हा पल्ला किरणाने ओलांडला आणि २० दिवसांत सुमारे ७०० टेराबाइट माहिती पार नेली. आकड्याहून मला या यंत्रणेची नेमबाजी अधिक भावते. दहा किलोमीटरवरच्या, म्हणजे विष्णुपुरीहून नांदेड शहराएवढ्या अंतरावरच्या, चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या लक्ष्यावर झोत टिकवायचा, आणि तोही वाऱ्याने डुलणाऱ्या मनोऱ्यावरून! मनोरा डुलला की आतला आरसा लगेच त्या हिशेबाने कलतो. डोलणाऱ्या बैलगाडीत मांडीवरचा ताक भरलेला गडू न सांडणारी आजी आठवते.

थरथरत्या हवेवरचा उतारा तर आकाशातच आहे. तारा लुकलुकतो, शुक्र मात्र स्थिर दिसतो, कारण तो बिंदू नसून बारीकशी चकती आहे. चकतीचा एक भाग मंदावला तरी दुसरा उजळतो आणि बेरीज सारखी राहते. घेणाऱ्या टोकाला भिंग रुंद ठेवण्यामागे हीच युक्ती आहे. तीच बेरीज इथे काचेवर होते.

धुक्याची गोष्ट मात्र न्यारी. धो-धो पावसातून बऱ्यापैकी पार होणारा किरण विरळ दिसणाऱ्या धुक्यात अडखळतो. तेवढंच पाणी बारीक कणांत विखुरलं की त्याचा एकूण पृष्ठभाग कितीतरी वाढतो, आणि प्रत्येक कण उजेड उधळून लावतो. शहाणी यंत्रणा इथे हट्ट धरत नाही, वेग उतरवते आणि गरज पडलीच तर रेडिओलहरींच्या हाती काम सोपवते. गोदावरीवरचं पौषातलं धुकंही दिवस वर आला की पांगतं. समोरचा काठ दिसू लागतो, आणि अशा वेळी किरण पुन्हा आपल्या चालीला लागतो.